दादाच्या गालातलं द्राक्ष

आता हा काय फोटो झाला? तुमीच सांगा! अंगाला सोनेरी रंग, डोक्यावर पानांचा टोप, एक गाल फुगलेला... आणि ह्याला आमी हार घालायचा!

तुमाला सांगतो, अनिलदादाचा दुसरा फोटोच नाय. लोकलच्या पासावर होता, तो घामानं पांढरा पडला. दादा काविळीनं गेला, बारावं झालं, आणि आईचं सुरू, "भिंतीवर पोराचं तोंड पायजे रे!" कुठून आणू तोंड? मग आठवलं, डोळखांबच्या जंगलात शूटिंग झालेलं, दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा परदेशी राजाचं, त्यात दादा द्राक्षांचं तबक धरून उभा होता! शूटिंगवाल्यांनी पाठवलेली सीडी पेटीत पडून होती. सुनिल फोटोवाल्याकडनं टीव्ही आणला, प्लेअर आणला, भर दुपारी खिडक्यांना गोधड्या लावल्या.

चूक माझीच. "जुन्या राजाचा पिक्चर हाय" म्हणालो, तर अख्खा पाडा चपला बाहेर काढून बसला, बाईजाआत्यानं टीव्हीपुढं नारळ फोडला... आणि पहिल्याच सीनला राजा उघडा! हौदात! शेजारी घोडा, दोघं एकाच ताटात जेवतायत! देवजीकाका म्हणतो, "राजा हाय ना, मग धोतर कुठाय त्याचं?" छताला समुद्र, झाडावरनं मासे पडतायत, माणसं खाऊन खाऊन पिसं ओकतायत, गोष्ट म्हणाल तर कायच नाय! बाईजाआत्या डोळे गच्च मिटून, "नेसला का रे तो?" आणि आईचं एकच, "माझा अनिल कुठाय?"

राजा घोड्याशी लग्न लावतो... "माझा अनिल कुठाय?" राजा मरतो, तिरडीवरनं उठून परत जेवायला बसतो... "हा मेलेला उठतो, मग माझा कुठाय?"

बाईजाआत्यानं डोळे उघडले.

आणि खांबाजवळच्या सोन्याच्या पुतळ्यानं एका पायानं दुसरी पोटरी खाजवली! "हाच गो!" आई ओरडली. "कावीळ तेव्हापासनंच होती काय रे?" देवजीकाका. तेवढ्यात राजानं मान पलीकडं वळवली, आणि दादानं तबकातलं द्राक्ष गपकन तोंडात टाकलं! महिना नाय झाला माणूस जाऊन, आणि घर खदाखदा हसलं, आईसुद्धा! "थांबव रे!" तीच म्हणाली. थांबवलं. सुनिलनं टीव्हीवरनंच फोटो काढला.

तोच हा! आल्यागेल्याचं एकच, "दाढ दुखत होती का?" कोपऱ्यात घोडा पण आलाय, त्याला पण रोज कुंकू. म्हटलं, आई, सीडी पुढं सरकवू, गिळल्यावरचा काढू. तर म्हणते, "नको. खाऊ दे त्याला."

हा काय फोटो झाला? रोज हार बदलताना हळूच सांगतो, दादा, गिळ रे आता, राजा इकडं वळला... ऐकतो का? जिवंतपणी तरी कुठं ऐकायचा!