पाठमोऱ्या साठ पाट्या

या सभेचे धीरगंभीर अध्यक्ष अनंतराव, व्यासपीठास शोभा आणि माझ्या हृदयास कंप देणारे वनक्षेत्रपाल महोदय, सत्कारमूर्ती वनरक्षक सोनबा, आणि पहिली पाळी आटोपून जांभया गिळत आलेल्या पिंपरीच्या निसर्गमंडळातील बंधुभगिनींनो,

निरोप सोनबांना द्यायचा आहे आणि घाम मला फुटला आहे. चाकणपलीकडच्या राखीव वनात दर रविवारी पाहुण्यांना हिंडवून आणणारे सोनबा सेवानिवृत्त झाले. उद्या सकाळी सात वाजता चाळीस पाहुण्यांपुढे उभा राहणार कोण? मी! कारखान्यात यंत्रांचे आराखडे काढणारा, अरण्याचे प्रथम दर्शन शब्दकोशात घेतलेला!

माझी विद्वत्ता आपण भोगलेली आहे. गेल्या वैशाखात सोनबा तापाने पडले असता मी एका बेहड्याखाली ‘बिभीतक’ वृक्षावर पाऊण तास प्रवचन केले. कुसुमताईंची समाधी लागली. उरलेल्यांनी मागच्या मागे त्याच बेहड्याच्या सालीवर आपापली नावे कोरली. वनक्षेत्रपालांनी तेव्हाच बजावले, “पुन्हा एक ओरखडा दिसला, की ही वाट पाहुण्यांना बंद.” महोदय आत्ता स्मित करीत आहेत, ते मला अधिक भयप्रद वाटते.

पापक्षालनार्थ मी पत्र्याच्या साठ पाट्या संस्कृत नामांसह रंगवून साठ झाडांपुढे रोवल्या. आठवड्याने पाहतो, तो साऱ्या पाठमोऱ्या! मी कडाडलो, “सोनबा, हा विध्वंस कोणाचा?”

“माजाच की, सायेब. पाटी म्होरं आसली, की मानसं पाटी वाचून फुडं जात्यात. आता नाव बघाया झाडाला येढा घालाया लागतोय. तेवढ्यात हात लावत्यात, वर बघत्यात, काय काय इचारत्यात.”

“आणि आमचे ज्ञान?”

“इचारल्यावर द्या की. तुमच्यापाशी लई हाय, कुटं जात न्हाई ते.”

त्या साठ झाडांवर आजतागायत एकही नवा ओरखडा नाही.

आज दाराशीच मी त्यांना काकुळतीने विचारले, “सोनबा, उद्या सांगू तरी काय?”

“सायकल टेकवली त्या झाडाची साल कशी हाय? गुळगुळीत का खरबरीत?”

मी मागे वळून झाडाकडे पाहू लागलो.

“आसंच कायतरी लोकास्नी इचारा. आन् गप ऱ्हावा.”

गप्प राहणे! हा विषय आमच्या अभ्यासक्रमास कधीच नव्हता. तथापि खिशातील उद्यासाठीचे अकरा पानांचे टिपण मी सोनबांच्या हाती सोपवतो आणि आपणा सर्वांस विचारतो: बाहेर ज्या झाडाला सायकली टेकवल्यात, त्याची साल कशी आहे?

…

पाहा! मागच्या तिन्ही रांगांच्या माना खिडकीकडे वळल्या! कुसुमताई, आपण जाग्या? आणि वनक्षेत्रपाल महोदय, आपणही उठून उभे राहिलात? नाही, उत्तर मी देणार नाही. जाताना हात लावून पाहावे.

आपल्या सहनशीलतेचे शतशः आभार. आजच्या बोलण्यातले प्रमाद आपण उदार अंतःकरणाने पोटात घालालच. उद्या गप्प राहण्यात काही चुकले, तर मात्र कोणाकडे पाहू? सोनबा, गावाकडची एस.टी. उद्या सकाळच्याऐवजी दुपारची धरलीत, तर नाही का चालणार?