टाकीतला पंप

रुग्णालयात आयसीयूबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी दोघं बसली होती. एक ऑफिसांच्या मोठ्या इमारतीचा माळी, दुसरी तिथल्या पंपवाल्याची बायको.

“पाण्यात पडले का हो, भावोजी?”

“नाही वहिनी. तळघराखाली टाकी आहे. गच्चीवरचं पावसाचं पाणी तिथं साठतं, तेच बागेला देतो. पंपात गाळ अडकला, म्हणून तो उतरला.”

“पाणी किती होतं?”

“गुडघाभरही नव्हतं.”

“त्यांना पोहता येतं चांगलं.”

“पाण्यानं नाही झालं, वहिनी. बंद टाकीत विषारी वायू साचला होता.”

“तुम्ही नाही उतरलात?”

“उतरत होतो. चौघांनी धरून ठेवलं.”

“बरं केलं. तुमचीही लेकरं लहान आहेत.”

“असं नका बोलू. त्यापेक्षा शिव्या द्या मला.”

“शिव्या देऊन काय होणार? पंप सुरू झाला का?”

“झाला. त्यानंच खालून ‘चालू कर’ म्हणून ओरडून सांगितलं. बागेत पाणी सुटलं. मग हाका मारल्या, तर ओ नाही.”

दार उघडून नर्सनं विचारलं, “टाकीतल्या पेशंटच्या घरचं कोण आहे?”

“भावोजी, तुम्ही जा.”

“आणि तुम्ही?”

“मी इथंच बसते. तुम्ही परत येईपर्यंत तरी ते आहेत.”