बेळगावची बस

हसायचं तर हसा. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर खोकला आला की माझं धोतर ओलं व्हायचं. फिजिओथेरपीवाली मुलगी म्हणाली, "अज्जा, लघवी रोखताना आवळता, तसे खालचे स्नायू आवळा. पाच मोजून सोडा."

मी विचारलं, "बायकांनाही असं होतं?"

"बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना. व्यायामाने बऱ्याच जणींचं थांबतं. पण लाजेने कुणी बोलत नाही."

माझ्या बायकोने, सुमनने, चौथ्या बाळंतपणानंतर माहेरच्या, बेळगावच्या बसमध्ये पाय ठेवला नाही. "माहेर नकोसं झालं वाटतं," असा टोमणा मी चारचौघांत मारायचो. ती उठून आत जायची. तिच्या भावाचं लग्नही चुकलं. माहेर पुन्हा न बघताच गेली.

आज ती असती, तर बस हवी तिथे थांबवत मीच तिला नेलं असतं.

"अज्जा, श्वास रोखू नका, सोडा," मुलगी म्हणाली.

मला तो सोडवेना.