धोंडीबाचं गाडीचं अक्षर

मंडळी, कामाचा दिवस मोडून तुमी सगळे चिंचवडात आलात. मी लोहार माणूस, मला उभं राहून बोलायची सवय न्हाई. त्यात बोलायचं ते आपल्या गेलेल्या धोंडीबा सुताराबद्दल. सांभाळून घ्या.

तीस वर्सं तो बैलगाडीचं चाक करायचा आन् मी त्यावर धाव, म्हंजी लोखंडी पट्टी, चढवायचो. त्याला सोताचं नाव लिवता येत नव्हतं, अंगठा लावायचा. पण एक अक्षर यायचं. चिनी अक्षर. गाडीचं.

पुण्याच्या लष्कर भागातले हे चिनी बूटवाले शेठ आज हितं बसलेत. त्यांच्या दुकानात फळ्या ठोकायला धोंडीबा गेला, भिंतीवरचं अक्षर बघितलं आन् म्हणाला, ही तर वरनं बघितलेली गाडी हाय. बूटवाले चकित झाले. मग त्यांनी आजाच्या पुस्तकातली त्या अक्षराची जुनी रूपं आठवून आठवून काढून दावली. सगळ्यात जुनं बैलाच्या हाडावर कोरलेलं. त्यात दोन चाकं, आस, दांडी, जू, समदी गाडी. पुढं जू गेलं. मग एक चाक गेलं. उरलेलं चाक चौकोनी झालं. धोंडीबानं ही रूपं सागवानी फळीवर ओळीनं कोरली.

अलीकडं चीनच्या सरकारनं अक्षर सोपं केलं, चौकोनबी काढला. ते कोरताना मला म्हणाला, "सखाराम, आता ह्यात चाकच न्हाई राहिलं." तवा आपल्या गाड्यांना रबरी टायर आले होते. धोंडीबा कारखान्यात खोकी ठोकायला जात होता.

"माझ्यामागं एवढी फळी ठेव," म्हणाला. मी व्हय म्हणालो.

धोंडीबा गेला त्या दिवशी पावसानं सरपण भिजलेलं. सुताराच्या चितेवर त्याच्याच दुकानातलं लाकूड घालायची आपली रीत. मीच धावत गेलो, मीच फळ्या आणल्या, मीच रचल्या. त्यातली एक पालथी होती. जाळात ती कलंडली तवा कोरलेली अक्षरं दिसली. मी हात घातला. फळी हाती लागली न्हाई, नुसते फोड आले.

मघाशी बूटवाल्यांना इचारलं, परत काढून देता का? ते म्हणाले, जुनी रूपं आता मलाबी आठवत न्हाईत, ती त्यालाच पाठ होती. पुस्तक तिकडं चीनमधीच राहिलं. तीस वर्सं मी शेजारी बसलो. मी का शिकलो न्हाई?

धोंडीबा, तू जन्मात माझ्याकडं एकच गोष्ट मागितलीस. ती मी माझ्या हातानं तुझ्या छातीवर रचली. माफी मागायला तोंड न्हाई मला.

मंडळी, उठा. दोन मिनिटं कुणी काय बोलू नका. मला धीरबी देऊ नका.