रस्त्यापलीकडं आईचं दुकान

शिवगंगा : बसा म्हणत न्हाई, ताई. राग मानू नका. पर प्रणिताला अंगणवाडीत धाडा म्हणायला आला असाल, तर माझं उत्तर तेच हाय.

विमलबाई : बसायला नाही आले मी. दारातूनच बोलते. आत्ता अंगणवाडीला कुलूप लावून सरळ इकडं आले. रोज हजेरीत तिचं नाव आलं की सगळी पोरं माझ्याकडं बघतात गं.

शिवगंगा : बघू द्या. त्या दिशी तिच्याकडं कुनी बघितलं असतं तर बरं झालं असतं.

विमलबाई : खरं आहे. मदतनीस रजेवर होती. मी खिचडी उतरवायला आत वळले, तेवढ्यात ही फाटकातून बाहेर. माझं लक्ष नव्हतं.

शिवगंगा : चार वर्षांची पोर हायवेवर उभी होती, ताई. मकसूदभाईनं केळीचा गाडा तसाच सोडला न् दंडाला धरून मागं वढली. म्हनले, टरकचं वारं माझ्या तोंडाला लागलं, भाभी. न् मी समोर दुकानात एका बाईला बांगड्या भरत होते. डोळ्यांदेखत झालं सगळं. अजून हॉर्न वाजला की हातातलं भांडं सुटतंय माझ्या.

विमलबाई : फाटकाला आता वरून कडी बसवून घेतलीय. पोरांचा हात पुरत नाही.

शिवगंगा : कडी आमच्याबी दाराला हाय. आत्याबाईला दुकानात बसवते न् मी हितं पोरीसंगं राहते.

विमलबाई : मग दिवसभर करती काय ती?

शिवगंगा : शिकवते की मी. पाटी आनली. अ आ इ ई गिरवून घेते, आकडे घेते. तुमच्याकडं तर नुसती गाणी न् खेळ.

विमलबाई : येतात आकडे?

शिवगंगा : आधी यायचे. आता पाटी काढली की पोटात दुखतंय म्हनती. परवा एक चापट मारली मी. तवापासून माझ्याशी बोलंना. कोपऱ्यात बसून भिंतीशी बोलती.

विमलबाई : भिंतीशी काय बोलती?

शिवगंगा : तुमचं गाणं म्हनती. मी जवळ गेले की गप. ताई, खरं सांगा, डोक्यावर परिणाम तर झाला नसंल ना तिच्या? हेंना फोनवर काहीच सांगितलं न्हाई मी. गाडी चालवत असतेत, उगं जिवाला घोर.

विमलबाई : परिणाम काही नाही. तिला बरोबरीची पोरं पाहिजेत. आणि घरी शिकव की तू, नको कोण म्हणतंय? पण पाटी राहू दे बाजूला. डाळ निवडताना दाणे मोजायला बसव, बांगड्यांचे रंग वेगळे करायला दे. तिच्याशी बोल. त्या दिवशी कुठं निघाली होती, विचारलंस तिला?

शिवगंगा : त्यात काय विचारायचं? लेकराची जात, निघाली हुंदडत.

विमलबाई : बोलाव तिला. मी विचारते.

शिवगंगा : पन्नी... ए पन्नी, ताई आल्यात बघ. झोपली काय की. थांबा हं... ताई. ताई, आत न्हाई ती.

विमलबाई : नीट बघ. न्हाणीत बघ, पलंगाखाली बघ.

शिवगंगा : बघितलं. मागचं दार सताड उघडं हाय. कडी लावलती मी. न्हाई... मगाशी धुनं वाळू घालायला गेलते. लावली न्हाई, ताई. मीच लावली न्हाई.

विमलबाई : मकसूदभाईला फोन लाव आधी.

शिवगंगा : हा घ्या माझा फोन. तुमीच लावा.

विमलबाई : हॅलो, मकसूदभाई, अंगणवाडीची विमल बोलते. प्रणिता दिसली का तिकडं? नाही? मग रस्त्यावर नजर ठेवा, गाडा राहू द्या जरा. शिवगंगा, हायवेला नाही आलेली ती. बोळातून अंगणवाडीच्या मागच्या दाराकडं चल, मारुतीच्या देवळाकडून.

शिवगंगा : तिकडं हीर हाय की, ताई.

विमलबाई : विहिरीवर जाळी आहे. चल तू. माझा हात धर.

(अंगणवाडीच्या मागच्या दारी.)

विमलबाई : ती बघ. पायरीवर बसलीय. शिवगंगा, हात उचलू नको तिच्यावर.

शिवगंगा : न्हाई उचलत. मला जरा बसू द्या हितंच.

विमलबाई : प्रणिता, इथं काय करतीस गं, बाळा?

प्रणिता : ताई, कुलूप हाय.

विमलबाई : हो, सुट्टी झाली ना. सगळी घरी गेली.

प्रणिता : मी हजर.

विमलबाई : आहेस की. बरं, मला एक सांग. त्या दिवशी फाटकातून कुठं चालली होतीस?

प्रणिता : आईकडं. दुकानात.

विमलबाई : कशाला?

प्रणिता : मोर दाखवायला. बोटं रंगात बुडवून केलता. आईला घरी आल्यावर झोप येती.

शिवगंगा : कुठं हाय तो मोर?

प्रणिता : उडाला. टरक आला तवा.

शिवगंगा : हातात कागद होता म्हनले होते मकसूदभाई. मी ऐकूनच घेतलं न्हाई. हिला तर इचारलंबी न्हाई.

विमलबाई : कुलूप काढू का? रंग आतच आहेत. करील दुसरा.

शिवगंगा : काढा. उद्या सकाळी मीच आणते तिला. पर सोडून लगेच जायची न्हाई मी, सांगून ठेवते. फाटकापाशी बसंन.

विमलबाई : फाटकापाशी कशाला? आत बस सतरंजीवर.

शिवगंगा : भ्या जाईना ओ, ताई.

विमलबाई : जाईल सावकाश. चल, ऊठ.

प्रणिता : आई, आत येताना चपला बाहेर काढायच्या असत्यात.

शिवगंगा : घालायच्याच राहिल्या बाई आज.