पांढऱ्याखालचा हिरवा

सून : बाबा, आधी तुम्ही नीट बसा. मग सांगते.

सासरे : बसलोच आहे की मी.

सून : नाही, अर्धे उठलेले आहात. टेकून बसा. आणि ओरडायचं असेल तर सरळ ओरडा, पण गप्प बसू नका. गप्प बसणाऱ्या माणसांची मला फार भीती वाटते.

सासरे : अगं, पण झालंय काय? आपला पोरगा बरा आहे ना? ऑफिसातून फोनबिन आला का?

सून : ते ठणठणीत आहेत. त्यांनाच आधी फोन केला मी. म्हणाले, "बाबांच्या टेबलाला हात लावलास? संपलीस तू."

सासरे : माझ्या टेबलाला?

सून : सकाळी ड्यूटीवरून आले आणि झोपच येईना. वॉर्डात सवय लागते हो, खाट दिसली की पूस, टेबल दिसलं की पूस. तुमच्या खोलीचं दार उघडं होतं. टेबलावर तुमचा तो छोटा रणगाडा, वरपासून खालपर्यंत पांढरा. मला वाटलं, छताचा चुना पडलाय त्याच्यावर.

सासरे : चुना!

सून : पोपडे निघालेत ना त्या कोपऱ्यात? म्हटलं, बाबांनी एवढ्या हौसेनं केलेली वस्तू अशी धूळ खात का पडलीय. म्हणून ओल्या फडक्यानं...

सासरे : ओल्या?

सून : घट्ट पिळलं होतं. पण ओलंच. पांढरं निघून खालून हिरवं दिसायला लागलं, तशी मी खूश झाले. आणखी जोर लावला. मग फडक्याकडे लक्ष गेलं. चुना नव्हता, रंग होता.

सासरे : कुठवर पुसलंस?

सून : एक अख्खी बाजू. आणि वरचं ते गोल झाकण, माणूस आत उतरतो ते. आज दुपारी तुमच्या मॉडेलवाल्या मंडळाचं प्रदर्शन आहे, हे मला नंतर आठवलं. बाबा, या घरात येऊन मला जेमतेम महिना होतोय. आई आधीच माझ्याशी मोजकं बोलतात. आता तुम्हीही...

सासरे : आण तो इकडे.

सून : आधी काहीतरी बोला ना.

सासरे : आण म्हणतो ना. खालच्या फळीला धर. खिडकीपाशी ठेव, उजेडात.

(सासरे कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढतात आणि रणगाड्याची एकेक कड निरखून बघतात. सुनेच्या मुठीत ते फडकं अजून तसंच आहे.)

सून : पुन्हा पांढरा देता येईल का? मी रजा टाकते आज. तुम्ही सांगाल तसं करते.

सासरे : थांब जरा.

सून : बघा, बसलात ना गप्प!

सासरे : अगं वेडाबाई, गप्प नाही बसलो, बघतोय. ही कड बघ. सैनिक इथंच पाय देऊन वर चढायचे, आणि नेमका इथलाच पांढरा उडालाय. खोबणीतला तसाच राहिलाय.

सून : खोबणीत फडकं जात नव्हतं.

सासरे : बूट तरी कुठं जातो? असंच तर हवं होतं मला! बर्फ पडला की लपायला सोयीचं म्हणून सैनिक हिरव्या रणगाड्याला वरून पांढरा फासायचे. घाईघाईत, झाडूनंसुद्धा. मग चढता-उतरता तो झिजायचा. म्हणून हा पांढरा मी मुद्दामच तसा लावलाय, पाण्यानं सुटेल असा.

सून : म्हणजे पुसायचाच होता?

सासरे : पुसायचाच होता.

सून : हुश्श! बाबा, माझा जीव टांगणीला लागला होता हो. मग तुम्ही का नाही पुसला?

सासरे : हात होईना.

सून : म्हणजे?

सासरे : जन्म गेला गाड्या रंगवण्यात. लोकांनी ठोकून आणलेली गाडी मी आरशासारखी करून द्यायचो. एवढासा चरा दिसला तरी रात्रभर झोप नाही. आता तोच चरा आपल्या हातानं पाडायचा? चार दिवस झाले, ब्रश ओला करतो, जवळ नेतो आणि परत ठेवून देतो.

सून : आणि प्रदर्शन?

सासरे : मंडळात एक मेजर आहेत, निवृत्त. दर वर्षी माझ्या टेबलापाशी थांबतात आणि म्हणतात, "रंग झकास! पण हा रणगाडा कधी घराबाहेर पडलाय का हो?" सगळे हसतात. मीही हसतो. पण लागतं गं. यंदा जायचंच नाही असं ठरवलं होतं मी. तुझ्या सासूला तेवढं सांगितलं नव्हतं.

सासूबाई : काय सांगितलं नव्हतं सासूला?

सासरे : आलीस? ये, हे बघ, सूनबाईनं काय केलंय!

सासूबाई : अगं बाई! याची तर पार रया गेली.

सासरे : हेच, हेच म्हणायला पाहिजे मेजरनी!

सासूबाई : तुम्हाला आनंद झालाय? दारावर बोटाचा ठसा उमटला तर घर डोक्यावर घेणारे तुम्ही?

सून : आई, तो पाण्यानं निघावा असाच लावला होता म्हणे. पण बाबा, पाण्यानं सुटावा म्हणून मध्ये लावलंत तरी काय?

सासरे : आहे एक युक्ती. मंडळाची.

सासूबाई : मान का खाली घातलीत?

सासरे : हिरव्यावर एक... पातळ थर द्यायचा असतो. फवाऱ्याचा. त्यावर पांढरा.

सासूबाई : कसल्या फवाऱ्याचा?

सासरे : केस बसवायचा असतो ना, तो.

सासूबाई : माझा? माझा हेअर स्प्रे या लोखंडाला?

सासरे : प्लास्टिक आहे ते.

सासूबाई : डबा अर्धा झालेला बघून मी मनात काय काय आणलं! म्हटलं, नवी सून, विचारायचं कसं? शेवटी कपाटात कुलूप लावून ठेवला.

सून : अय्या! म्हणून कुलूप? मला वाटलं, माझं काहीतरी चुकलंय. त्या दिवसापासून मी तुमच्या खोलीत यायचंच बंद केलं.

सासूबाई : आणि मला वाटलं, पकडली गेली म्हणून तोंड चुकवतेय. ये इकडे. माझंच चुकलं गं. आणि तुम्ही! मी घरभर तोंड फुगवून फिरत होते, तेव्हा बोलायला काय झालं होतं?

सासरे : माझ्यात तेवढं धैर्य असतं, तर हा रणगाडा मीच नसता का पुसला?

सून : पुसा की मग. दुसरी बाजू आहे अजून. हे घ्या फडकं.

सासरे : तूच पूस. तुझा हात बसलाय.

सून : मुळीच नाही. मेजर विचारतील, कुणी केलं? मग काय सांगणार?

सासूबाई : घ्या हो. कुणाची गाडी नाही ती, कुणी भांडायला येणार नाही.

सासरे : आधी कुठं लावू?

सून : तुम्हीच तर सांगितलंत. सैनिक पाय कुठं देईल?

सासरे : इथं. या कडेवर.

सून : मग दाबा. अजून जरा. जखमेवरचा टाका पुसतोय असं नका करू.

सासरे : निघाला गं! हिरवा दिसला!

सासूबाई : बघा. पडलं का आभाळ?

सासरे : आता हा कोपरा. हुकाला हात घालत असणार इथं. आणि इथं डबे बांधायचे, दोरीनं घासलं जायचं. आणि हे चाकावरचं पत्र्याचं...

सून : बाबा.

सासरे : थांब गं, एवढी एक कड.

सून : बाबा, पुरे आता. आणखी पुसलंत, तर बर्फ वितळून त्या बिचाऱ्या सैनिकांचा उन्हाळा सुरू होईल.