दुसऱ्या घरची

(अकोल्यातला एक दवाखाना, सकाळचे अकरा. डॉक्टरांच्या खोलीबाहेर टेबलाशी बसून सिस्टर रश्मी पार्वताबाईंची माहिती लिहून घेते आहे. पार्वताबाईंची लेक आचल आधार कार्डाची झेरॉक्स काढायला खाली गेली आहे.)

पार्वताबाई: मंग त्याचा पयला दिवस कोनता, ते सांग ना. कापसाच्या पऱ्हाटीवर बोंडअळी आली त आमी सांगतो, अमुक अमावास्येले अंडे पडले. याचा असा काई दिवसच नाई?

रश्मी: नाही मावशी. तो दिवस कोणालाच सापडत नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये जी गाठ कॅन्सरची निघाली ना, ती आज बोटाला लागते, पण तिची सुरुवात काही वर्षं आधीची असणार.

पार्वताबाई: वर्षं? मी त पोळ्याले पाह्यली.

रश्मी: दिसली पोळ्याला. हे बघा, आपलं अंग बारीक बारीक पेशींचं असतं. जुनी मरते, तिच्या जागी नवी येते. एखाद्या वेळी नवी होताना चूक होते. बहुतेक चुका शरीर आपली आपण दुरुस्त करतं. एखादी सुटते. मग ती पेशी मरायचं नाव घेत नाही, नुसती वाढत बसते. एकीच्या दोन, दोनाच्या चार.

पार्वताबाई: तन म्हन की सरळ.

रश्मी: तणच.

पार्वताबाई: आन हे उगवते कुठं?

रश्मी: बहुतेक वेळा दुधाच्या नळीत, आतल्या अंगाला. तिथं किती दिवस गप राहील याचा नेम नाही. मग नळीची भिंत फोडून बाहेर येते. पुढं काखेत. तिथंही कोणी अडवलं नाही तर रक्तातून हाडात, फुफ्फुसात, लिव्हरमध्ये.

पार्वताबाई: माहं कुठवर आलं?

रश्मी: गाठ अडीच सेंटीमीटरची. काखेत सोनोग्राफीवाल्यांना काही दिसलं नाही. ऑपरेशनच्या वेळी नीट कळेल, पण आजपर्यंत तरी बांध ओलांडलेला दिसत नाही.

पार्वताबाई: बांधाच्या अंदर हाय. बरं. आता काहून झालं ते सांग. माही जाऊ म्हनते, तू बलावजमंधी बटवा ठेवते म्हनून झालं. वीस वर्षांपासून ठेवून राहिली मी.

रश्मी: बटव्यानं होत नाही. घट्ट ब्लाउजनं नाही, मार लागल्यानं नाही, कोणाच्या नजरेनं तर नाहीच.

पार्वताबाई: नजरेचं मी मानतच नाई. माह्याकडे पाहून कोन जळन व? पन बटव्याचं मले पटलं होतं. त्यात किल्ली, सुपारी, चुन्याची डबी. हरदम रुतते.

रश्मी: चुन्याची डबी? म्हणजे तंबाखू?

पार्वताबाई: ...उलिसाक, चिमटीभर. कामावर.

रश्मी: तो सोडा. या गाठीसाठी म्हणून नाही, तोंडासाठी सोडा. मी लिहितेय बघा.

पार्वताबाई: लिही बाई. आचलच्या समोर वाचू नको फक्त.

रश्मी: वय शेचाळीस. पहिली पाळी कधी आली?

पार्वताबाई: बारावं लागलं होतं. हे काहून इचारतं?

रश्मी: पाळी लवकर आली, उशिरा गेली, तर अंगातली बाईची जी हार्मोन्स असतात, त्यांचा मारा जास्त वर्षं चालतो. म्हणून विचारतात. पहिलं मूल?

पार्वताबाई: अठराव्या वर्षी शिवम. मंग चार वर्षांनं आचल. दोघाइले दोन-दोन वर्षं पाजलं. मंग मले त व्हाले नाई पाह्यजे होतं ना?

रश्मी: धोका थोडा कमी होतो मावशी. संपत नाही. दारू?

पार्वताबाई: तुले मी दारू पेनारी दिसते का?

रश्मी: सगळ्यांनाच विचारते हो. दारूनं वाढतो, उतारवयात वजन वाढलं तर वाढतो. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठी कारणं दोनच. बाई असणं आणि वय वाढणं.

पार्वताबाई: घ्या! या दोघाइले कोन औषध देईन? बरं, फवाऱ्याचं काय? आमी फवारलेल्या वावरात बारा महिने उभ्या राह्यतो.

रश्मी: त्यावर अभ्यास चालू आहे. यानंच झालं असं मी छातीठोक नाही सांगू शकत. जे माहीत नाही ते माहीत नाही.

पार्वताबाई: हे बेस बोलली. नाई त डाक्टर लोक माहीत नाई असं कधी म्हनतच नाईत. इचार पुढचं.

रश्मी: घरात कोणाला होता का? आई, बहीण, मावशी?

पार्वताबाई: नाई. माय माही सत्तरची हाय, अजून वावरात निंदाले जाते. मावशीले शुगर होती, बाकी काई नाई.

रश्मी: नाही... लिहिलं. आता एक सांगा. गाठ तुम्हाला कळली कशी? दुखत तर नव्हती.

पार्वताबाई: उलिसी बी नाई. दुखलं असतं त लवकर आली असती. आंग धूत होती, बोटाले लागली आन वळखू आली.

रश्मी: ओळखू आली म्हणजे? बाया तीन-तीन महिने म्हणतात, दुधाची असेल, चरबीची असेल. तुम्ही कशी ओळखली?

पार्वताबाई: ...पयले एकदा हात लावला होता. तसल्याच गाठीले.

रश्मी: कोणाच्या?

पार्वताबाई: सोड ना. जुनी गोठ हाय.

रश्मी: मावशी, तुम्ही मला सकाळपासून पंचवीस प्रश्न विचारलेत. माझा एक.

पार्वताबाई: गंगूआत्याच्या.

रश्मी: आत्या? सख्खी?

पार्वताबाई: बापाची पाठची बहीण. तिकडे कौंडण्यपूरच्या बाजूले देली होती. मी दहा-अकरा वर्षांची असन. दिवाळीले आली आन मले ढोराइच्या कोठ्यामांगं घेऊन गेली. म्हने, पार्वता, तुहे बोटं बारीक हायेत, पाह्य बरं हे काय हाय. तुरीचा दाना असते ना, तसं. हालत नव्हतं. मी म्हटलं, आत्या, अंदर सरकी हाय. ते हासली.

रश्मी: कोणाला दाखवलं नाही?

पार्वताबाई: कोनाले दाखोते? दुखत नाई त दुखनं कायचं? दुसऱ्या दिवाळीले आली तवा पदर काढतच नव्हती. एक डाव म्या पाह्यलं. वरची कातडी अशी झाली होती, संत्र्याची साल असते ना, खड्डे-खड्डे. बोंड अंदर गेलं होतं. मंग काखेत आलं. मंग हात सुजला, बांगड्या कापून काढल्या. मंग फुटलं. शेवटी पाठीचं हाड दुखे, त रातदिवस बसून राहे.

रश्मी: मी मघाशी जे नळी, काख, हाडं सांगितलं...

पार्वताबाई: तेच त. तू सांगून राहिली होती आन मले आत्या दिसून राहिली होती. पायरी-पायरीनं. म्हनून त मी इचारून राहिली माहं कुठवर आलं.

रश्मी: मावशी, मग मी घरात कोणाला होता का विचारलं तेव्हा नाही काहून म्हणाल्या?

पार्वताबाई: तू घरात इचारलं. ते आमच्या घरची कुठं होती? लेक देली का दुसऱ्या घरची झाली. आडनाव त्याइचं, दुखनं त्याइचं. माहा बाप असंच म्हने.

रश्मी: आणि आत्या तुमच्याकडे आली नाही? आजारपणात?

पार्वताबाई: आली ना. थैली घेऊन, एसटीनं. वास येत होता तिचा. बुढ्यानं, माह्या बापानं, कोठ्यात खाट टाकून देली. आठ दिवसांनं म्हने, गंगू, लोकं इचारतात, तू आपल्या घरी जाय. मी बसस्टँडवर गेली होती सोडाले. ते मले म्हने, तुहे बोटं चांगले हायेत पोरी. ...मेली तवा बुढ्यानं इथूनच माहेरचं लुगडं नेलं, हिरवं. पद्धत हाय ना. जितीले घरात जागा नाई देली, मेल्यावर माहेरचं लुगडं. मले तवाच राग आला होता. पन पोरीच्या जातीनं कोनाले म्हनाव?

रश्मी: किती वर्षांची होती?

पार्वताबाई: पस्तीसच्या वर नसन.

रश्मी: मावशी, मला हे खोडावं लागेल. ते 'नाही'.

पार्वताबाई: काहून? ते त बापाकडची. रोग बाईचा, त येईन मायकडून. बाप त गडी मानूस. त्याच्याकडून कसा येईन?

रश्मी: तुम्ही काम काय करता म्हणालात?

पार्वताबाई: बियान्याच्या प्लाटवर. क्रासिंग करतो आमी, कापसाचं.

रश्मी: ते कसं असतं? मी जुन्या शहरातली पोरगी, मला वावरातलं काही कळत नाही.

पार्वताबाई: सोपं हाय. मादीच्या वळी येगळ्या, नराच्या वळी येगळ्या. सांजच्याले मादीची कळी सोलाची, तिचे सारे पुंकेसर काढून टाकाचे, लाल चिठ्ठी लावाची, का कळे पाह्यनाऱ्याले. सकाळी नराचं फूल तोडाचं आन तिच्यावर घासाचं. बोंड धरते मादीच्याच झाडाले. अंदर सरकी होते, तेच बियानं.

रश्मी: बोंड मादीचं, तर मग गुण मादीचेच येत असतील सरकीत?

पार्वताबाई: मादीचेच कसे? नराचे उतरत नसते त कंपनीनं नराच्या वळी पेरल्याच कायले असत्या? उतरते म्हनून त...

रश्मी: उतरतात म्हणून काय?

पार्वताबाई: अवं माय.

रश्मी: मावशी.

पार्वताबाई: नराले बोंड धरत नाई. पन त्याच्यातून उतरते. बुढ्याले काई झालं नाई, सत्तर वर्षं जगला. पन गंगूआत्याच्या आंगात जे होतं, ते त्याच्याबी आंगात असन. आन त्याच्यातून माह्यात. मी एवढे वर्षं लाल चिठ्ठ्या लावल्या, मले हे सुचलं नाई?

रश्मी: कोणाला सुचतं? आणि ऐका, हे असेलच असं नाही. हा कॅन्सर झालेल्या शंभर बायांमध्ये पाच-दहा जणींनाच हा घराण्यातला दोष असतो. बाकीच्यांच्या घरात बहुतेकदा कोणालाच नसतो, तरी होतो. पण तुमचं वय कमी, आत्याचं त्याहून कमी. डॉक्टर बहुतेक रक्ताची तपासणी सांगतील. दोष निघाला तर ऑपरेशन कोणतं करायचं याचा विचार बदलतो. आणि...

पार्वताबाई: आन आचल.

रश्मी: हो. निघालाच तर तिच्याकडे जायची शक्यता निम्मी. गेला तरी कॅन्सर होईलच असं नाही. फक्त तिची तपासणी लवकर सुरू करता येते. गाठ यायच्या आधीपासून.

पार्वताबाई: शिवमले?

रश्मी: त्याच्याकडेही निम्मीच. तुमच्या वडिलांसारखं. त्याला पुढं मुली झाल्या तर त्यांनाही सांगायचं.

पार्वताबाई: नितेशच्याबी दोन पोरी हायेत, माह्या भावाच्या. त्याले सांगा लागन. तो म्हनन, ताई, तू आता आमच्या घरची नाई, तुह्या दुखन्याचं आमाले काय? बापाचंच पोरगं हाय ते.

रश्मी: मग तुम्ही काय म्हणाल?

पार्वताबाई: सांगन त्याले. माह्यासाठी लुगडं आनू नको म्हनन. पोरीइले दवाखान्यात आन.

आचल: आई, झेरॉक्सवाल्याकडे गर्दी होती. हे घे. ...तू रडून राहिली का? सिस्टर, काय झालं? नवीन काही निघालं का?

रश्मी: नाही गं. तुझी आई माझी परीक्षा घेत होती.

पार्वताबाई: बस इथं, जवळ. हात दे. तुहे बोटंबी बारीकच हायेत. सिस्टर, खोड ते 'नाई'. लिही.

रश्मी: नाव सांगा.

पार्वताबाई: गंगूबाई.

आचल: कोण गंगूबाई?

पार्वताबाई: सांगतो तुले. सारं सांगतो, आज घरी जातानी एसटीत. आधी लिहू दे तिले.

रश्मी: नातं, वडिलांची बहीण. वय अंदाजे पस्तीस. गाव काय लिहू मावशी? कौंडण्यपूर?

पार्वताबाई: नाई. आमचंच गाव लिही.